बिबट्या, उकिरडा आणि उजेड

मुंबई उपनगर जिल्हा म्हटला की उंच इमारती, आगगाड्यांतील गर्दी आणि कारखान्यांची धुराडी डोळ्यांसमोर उभी राहतात. वन्य पशू आणि गुरांचे गोठे ह्यांचा ह्या जिल्ह्याशी काही संबंध असेल असे खेड्यातील वाचकास सहसा वाटत नाही. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. पश्चिमेस बोरीवली व गोरेगाव आणि पूर्वेस मुलुंड व भांडुप ह्यांच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगराळ रान पसरले आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १०३ चौरस किलोमीटर असून ते मुंबई उपनगर व ठाणे ह्या दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. त्याच्या दक्षिण अंगास आरे दुग्ध वसाहतीचे कुरण आहे. तेथून अंधेरी फार दूर नाही.

ह्या रानात बिबटे राहतात. रात्री आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे वाटावाटांवर बसवून आणि प्रत्येक जनावराच्या अंगावरील ठिपक्यांची रचना ताडून त्यांची मोजणी करण्यात आली. २०१५ साली ३५ आणि २०१८ साली ४७ बिबट्यांची नोंद झाली. एवढ्या लहान क्षेत्रात, आणि तेही लक्षावधी माणसांच्या वेढ्यात, इतके बिबटे नांदत असल्याचे उदाहरण जगात क्वचितच आढळेल.

शेतकरी बंधूंना आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांना ह्या शहरी बिबट्याची हकीकत सांगण्याचे कारण असे की, जुन्नर, शिरूर, संगमनेर, निफाड ह्या भागांत उसाच्या फडाशेजारी आज जो प्रश्न उभा आहे, तोच प्रश्न मुंबईच्या उपनगरांना आधी भेडसावून गेला. तेथे काही उपाय फसले व काही साधले. त्या अनुभवाचे सार असे की, बिबट्याचा शेजार घातक ठरतो की सुसह्य, हे त्याच्या स्वभावापेक्षा आपला उकिरडा, आपले दिवे आणि गरिबाच्या दारापर्यंत पोचलेल्या सोयी ह्यांवर अधिक अवलंबून असते.

भातखाचरांचे महानगर

साष्टी बेटावरील ही गावे पूर्वी भातशेती, भाजीपाला, ताडी, मीठ आणि मासळी ह्यांवर जगत. वाढत्या मुंबईची तहान भागविण्यासाठी ह्याच डोंगरांत विहार तलाव बांधण्यात आला. तो १८६० साली पूर्ण झाला. पाठोपाठ १८७९ साली तुळशी तलाव तयार झाला. तलावांचे पाणी शुद्ध राहावे म्हणून भोवतालचे रान राखले गेले. आज जे जंगल शिल्लक आहे, ते टिकण्यास ह्या पाण्याची निकड पुष्कळ अंशी कारणीभूत झाली. ज्या कारणाने शहराने रान राखले, ते कारण आजही संपलेले नाही. दहिसर आणि मिठी ह्या नद्यांचे उगमही ह्याच परिसरात आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीच्या काठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. पाणी जिरविणारी जमीन आणि झाडी किती मोलाची असते, हे त्या दिवशी सर्वांना कळून चुकले.

शहरातील म्हशींचे तबेले बाहेर हलवावेत आणि नागरिकांना स्वच्छ दूध मिळावे ह्या हेतूने १९४९ साली सुमारे ३,१६० एकरांवर आरे दुग्ध वसाहत वसविण्यात आली. दुधाचा उपक्रम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्याचा तो देशातील आरंभीचा प्रयोग होता. त्याच सुमारास शहराची हद्दही वाढत होती. १९५० साली अंधेरी व घाटकोपर आणि १९५७ साली बोरीवली, मुलुंड व दहिसर हे भाग मुंबई महानगरपालिकेत आले. एका पिढीच्या आत भातखाचरांवर चाळी, चाळींच्या जागी इमारती आणि डोंगराच्या उतारावर झोपड्या उभ्या राहिल्या.

ह्या सर्व उलथापालथीच्या आधीपासून डोंगरात वारली, मल्हार कोळी, कोकणा व कातकरी ह्यांचे पाडे होते. आरेतील पाड्यांवर आजही पावसाळ्यात भात व भाजीपाला पिकविणारी कुटुंबे आहेत. मुंबईसारख्या नगरीत नांगरट आणि लावणी होते, हे पुष्कळ मुंबईकरांनाही ठाऊक नसते.

पकडून सोडण्याने काय झाले

२००२ ते २००४ ह्या काळात उद्यानाभोवतीच्या वस्त्यांवर बिबट्यांचे हल्ले एकाएकी वाढले. जून २००४ ह्या एकाच महिन्यात सुमारे दहा माणसे प्राणास मुकली. लोकांत भीती आणि संताप पसरला. बिबटे पकडून दूर न्यावेत, अशी मागणी सर्व बाजूंनी झाली. पिंजरे लागले आणि अनेक बिबटे पकडलेही गेले.

नेमक्या त्याच सुमारास पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात असाच प्रकार घडत होता. कुकडी प्रकल्पाचे पाणी आले, तसे कोरडवाहू बाजरीच्या जागी बागायती ऊस उभा राहिला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात असतो. बिबट्याच्या मादीस पिले वाढविण्यास तेवढा आडोसा पुरेसा होतो. तेथेही बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम २००१ साली सुरू झाली. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या मोहिमेच्या परिणामांचा अभ्यास करून तो २०११ साली प्रसिद्ध केला. मोहिमेपूर्वी माणसांवर वर्षाकाठी सरासरी चार हल्ले होत. मोहिमेच्या काळात ही सरासरी सतरावर गेली. ज्या उपायाने संकट टळावयाचे, त्यानेच ते वाढविले.

ह्यामागील कारण पशुपालकास सहज उमजेल. नव्या गोठ्यात आणलेले जनावर काही दिवस बिथरलेले असते. बिबट्याचेही तसेच आहे. त्याला आपल्या मुलखातील पाणवठे, वाटा, माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा ठाऊक असतात आणि त्या चुकवून तो वावरतो. पकडला, डांबला आणि अनोळखी रानात सोडला, की तो भांबावतो व घराकडे परतू पाहतो. वाटेत अपरिचित वस्त्या लागतात. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा तरुण बिबट्या बळकावतो. तोही त्या वस्तीस नवखा असतो. म्हणजे दोन्हीकडे धोका वाढतो. मुंबईच्या उद्यानातही बाहेरून आणून सोडलेल्या बिबट्यांचा त्या वर्षांतील हल्ल्यांशी निकट संबंध असावा, असे अभ्यासकांचे मत पडले.

घराच्या ओढीचे बळ किती असते ह्याचे एक उदाहरण महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक झाले आहे. २००९ साली अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर येथे एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळविणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. अभ्यासकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले. महामार्ग, लोहमार्ग आणि खाडी ओलांडून, सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. एवढ्या प्रवासात त्याने एकाही माणसावर हल्ला केला नाही. पुढे २०११ साली रस्त्यावर वाहनाची धडक बसून तो मेला. २०१४ साली त्याच्यावर ‘आजोबा’ हा मराठी चित्रपटही निघाला. बिबट्याला कागदावरील सीमा कळत नाहीत आणि तो माणसास शोधीत फिरत नाही, हे दोन्ही ह्या एका हकीकतीवरून स्पष्ट होते.

तो वस्तीत का येतो?

जंगलात अन्न नाही म्हणून बिबट्या वस्तीत येतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. उद्यानात चितळ, सांबर, रानडुक्कर, वानरे ही भक्ष्ये आहेत. २०१५ च्या अभ्यासात बिबट्याच्या अन्नाचा मोठा भाग ह्याच वन्य प्राण्यांचा असल्याचे आढळले. मात्र भटक्या कुत्र्यांचा वाटाही एक चतुर्थांशाच्या आसपास होता. कुत्रा सहज सापडतो, फारसा प्रतिकार करीत नाही, आणि जेथे उकिरडा तेथे तो हमखास असतो.

ही साखळी नीट ध्यानात घ्यावी. इमारतीतून, उपाहारगृहातून, खाटकाच्या व कोंबडीच्या दुकानातून निघालेला कचरा जंगलाच्या कडेला पडतो. त्यावर उंदीर, डुकरे व कुत्री पोसली जातात. त्यांच्या मागावर रात्री बिबट्या येतो. आणि त्याच वाटेवर, त्याच अंधारात, शौचास निघालेले माणूस किंवा अंगणात खेळणारे मूल त्याला भेटते. तबेल्यातील मेलेली वासरे उघड्यावर टाकल्यानेही हेच घडते. बिबट्यास आमंत्रण आपणच देतो, आणि तो आला की त्यालाच दोष देतो.

दुसरीही एक बाजू आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात असा अंदाज मांडला गेला की, ह्या उद्यानातील बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री खातात, आणि त्यायोगे कुत्रे चावण्याचे सुमारे एक हजार प्रसंग टळत असावेत. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने कोणाचे मूल दगावते, हे ग्रामीण कार्यकर्त्यांना सांगावयास नको. ह्याचा अर्थ बिबट्या पाळावा असा नव्हे. निसर्गाच्या हिशेबात एकाच बाजूची नोंद वाचून निर्णय करू नये, एवढाच ह्याचा अर्थ.

संकटाची वाटणी

आता मूळ मुद्द्याकडे वळू. बिबट्या सर्वांचा शेजारी असला, तरी त्याचे भय सर्वांच्या वाट्यास सारखे येत नाही.

बाराव्या मजल्यावरील कुटुंबास बिबट्या दिसतो तो बहुधा मोबाईलच्या चित्रफितीत. त्या कुटुंबाचा कचरा मात्र खाली जाऊन कोठे तरी साठतो. ज्याच्या दारापाशी तो साठतो, त्याच्या घरास दार असते न असते, बाहेर दिवा नसतो आणि शौचालय दूर असते. आरेतील काही पाड्यांवर वीज व नळ अगदी अलीकडच्या काळापर्यंत पोचले नव्हते. काही अंतरावर शहराचे दिवे रात्रभर जळत असताना पाड्यावरील स्त्रिया अंधारात पाणी आणीत होत्या. सप्टेंबर २०२१ मध्ये आरेत लागोपाठ हल्ले होऊन अनेक जण जखमी झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, सोळा महिन्यांच्या एका बालिकेस बिबट्याने ओढून नेले आणि ती दगावली. अशा बातम्यांतील पत्ते वाचीत गेल्यास आढळते की, जखमी व मृत हे प्रायः झोपडीत, तबेल्यात किंवा पाड्यात राहणारेच असतात.

बिबट्या इमारतींच्या वस्तीतही कधी कधी शिरतो. डिसेंबर २०१७ मध्ये अंधेरी पूर्वेकडील एका बालवाडीच्या आवारात आणि जानेवारी २०१८ मध्ये मुलुंडच्या नाणेपाडा भागात तो शिरला होता. मुलुंडला काही माणसे जखमी झाली. परंतु असे प्रसंग तुरळक असतात आणि मदतीस यंत्रणा धावून येते. पाड्यावरील माणसाचे भय रोजचे असते आणि त्याची कोठे नोंदही होत नाही.

जमिनीच्या बाबतीतही हाच अन्याय दिसतो. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या पात्र रहिवाशांना सात हजार रुपये भरून पर्यायी जागा देण्याची तरतूद त्यात होती. उद्यान वाचावे हा हेतू योग्यच होता. तथापि उद्यानाच्या आधीपासूनचे पाडे आणि पोटासाठी मागाहून आलेल्यांच्या झोपड्या ह्यांतील भेद पुष्कळदा ध्यानात घेतला गेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या वनात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा शहरातील तरुणांबरोबर पाड्यांवरील स्त्री-पुरुषही ती वाचविण्यास पुढे आले होते. २०२० साली आरेतील सुमारे ८१२ एकर क्षेत्र राखीव वन करण्याची प्रक्रिया सुरू झाली. रान राखताना रानातील माणसाचा हक्क राखणे हेही त्याच कामाचे अंग मानले पाहिजे. ज्या माणसास रानापासून केवळ धोका पोचतो आणि लाभ काहीच मिळत नाही, त्याने रान सांभाळावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

वाघोबाची शिकवण

ठाणे, पालघर आणि मुंबई उपनगर ह्या जिल्ह्यांत वारली समाज वाघोबाची पूजा करतो. झाडाखाली किंवा पाड्याच्या वेशीवर लाकडात अथवा दगडात कोरलेली, शेंदूर लावलेली वाघोबाची मूर्ती असते. वाघ आणि बिबट्या हे दोघेही त्यात आले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी दीडशेहून अधिक देवस्थाने नोंदविली आहेत. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीस तेथे वार्षिक पूजा होते. त्याच दिवशी देशावर आपण वसुबारस म्हणून गाईवासराची पूजा करतो. एकाच तिथीस कोठे गाय पुजली जाते, कोठे वाघ. शेतकऱ्याच्या जीवनात दोहोंचे स्थान जुने आहे.

वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो, अशी आपल्याकडे म्हण आहे. वारल्यांना हे ठाऊक नाही असे नव्हे. पूजा केली म्हणजे बिबट्या शेळी उचलणार नाही, असे ते मानीत नाहीत. मात्र रान हे त्याचेही आहे, तिन्हीसांजेनंतर त्याची वेळ सुरू होते, आणि त्या वेळी आपण सांभाळून राहावे, हा नेम त्या पूजेबरोबर घरोघर शिकविला जातो. शेळी गेली तर हळहळ होते, सूडाची भाषा सहसा होत नाही. वस्तीत हजारो नवी कुटुंबे आली, त्यांना हा नेम शिकविणारे कोणी नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी २०११ साली वन विभागाने, उद्यानाचे तत्कालीन संचालक सुनील लिमये ह्यांच्या काळात, अभ्यासक व स्वयंसेवक ह्यांच्या साह्याने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम हाती घेतला. वस्त्या, शाळा, पोलीस ठाणी आणि वृत्तपत्रे ह्यांच्यापर्यंत जाऊन बिबट्यासंबंधी खरी माहिती देण्यात आली. वन विभागाची बचाव पथके सज्ज झाली. २००४ सारखे वर्ष त्यानंतर पुन्हा आलेले नाही. धोका संपला नाही, पण आटोक्यात आला.

काय करावे?

हा अनुभव जमेस धरून पुढील गोष्टी प्रत्येक गावाने व वस्तीने अमलात आणाव्यात.

१. उकिरडा मोडावा. ओला कचरा उघड्यावर न टाकता त्याचे खत करावे. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे ह्यांनी रूढ केलेली नाडेप पद्धत ह्या कामी सोयीची आहे. सुमारे दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे, भिंतीत हवेसाठी भोके ठेवलेले विटांचे टाके बांधावे. त्यात काडीकचरा, शेणकाला व माती ह्यांचे थर देऊन वरून लिंपून घ्यावे. सुमारे चार महिन्यांत खत तयार होते. मांस, मासळी व हाडे ह्यांत घालू नयेत. ती खोल पुरावीत.

२. मेलेले जनावर उघड्यावर फेकू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

३. कुत्र्यांवर विषप्रयोग करू नये. तो गुन्हा आहे आणि त्याने इतर पशुपक्षीही मरतात. निर्बीजीकरण व लसीकरण ह्यांची मागणी स्थानिक संस्थेकडे करावी. पाळीव कुत्रे रात्री घरात बांधावे.

४. गोठा सर्व बाजूंनी व वरूनही बंद असावा. भिंत उंच असली तरी छप्पर उघडे असल्यास बिबट्या सहज आत उतरतो. शेळ्यामेंढ्यांसाठी मजबूत जाळी आणि आतून-बाहेरून पक्की कडी लावावी.

५. लहान मुलांना अंधार पडल्यावर एकटे बाहेर सोडू नये. रात्री शेतावर जाताना दोघांनी मिळून जावे, हातात काठी व विजेरी असावी आणि मोठ्याने बोलत चालावे. खाली बसलेले किंवा वाकलेले माणूस बिबट्यास लहान जनावरासारखे भासते, म्हणून उघड्यावर शौचास जाणे सर्वांत धोक्याचे होय.

६. बिबट्या दिसल्यास पळू नये, त्याच्यावर दगड मारू नयेत, त्याची वाट अडवू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावे. घरात किंवा आवारात शिरला असल्यास गर्दी हटवावी. अशा प्रसंगी पुष्कळशी माणसे गोंगाटाने बिथरलेल्या जनावराच्या धावपळीत जखमी होतात. वन विभागाच्या १९२६ ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

७. विहिरीस कठडा बांधावा. त्याने बिबट्याचा जीव वाचतो तसाच आपल्या मुलांचा आणि गुरांचाही वाचतो.

८. ऊस तोडताना पिले आढळल्यास त्यांना हात लावू नये. तोड थांबवून वन विभागास कळवावे. पिलांची आई रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. पिले उचलून नेल्यास मादी चवताळते आणि परिसरात धोका वाढतो.

९. जनावर मारले गेल्यास मृत शरीर हलवू नये. त्याच दिवशी वन कर्मचाऱ्यास कळवून पंचनामा व पशुवैद्यकाचा दाखला घ्यावा. शासनाची नुकसानभरपाई मिळण्यास ह्या दोन्ही गोष्टी आवश्यक असतात. अर्ज लिहिता न येणाऱ्या कुटुंबास कार्यकर्त्याने स्वतः साह्य करावे.

आधी कोणाच्या दारी?

ह्या सूचना सोप्या वाटतील. पण ज्याच्यापाशी चार भिंतीही नाहीत, त्याने गोठा बंद कसा करावा? ऊसतोड कामगारांची कोपी फडाच्या कडेस चिपाडाची असते. आईबाप पहाटेच्या अंधारात तोडीस जातात आणि मुले मागे राहतात. मेंढपाळ धनगर उघड्या रानात वाघुर लावून निजतो. दिवसा वीज न मिळाल्यास शेतमजूर मध्यरात्री पाणी धरण्यास जातो. मुंबईच्या पाड्यात आणि उसाच्या फडात भूगोल निराळा असला, तरी संकट तेच आहे आणि ते सोसणारा माणूसही एकाच थरातील आहे.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती की, ह्या कामाचा आरंभ गावाच्या चावडीपासून न करता गावकुसाबाहेरील शेवटच्या घरापासून करावा. पहिला दिवा तेथे लागावा, पहिले शौचालय तेथे व्हावे. ऊसतोडीच्या हंगामात कोप्या फडापासून दूर, उजेडाच्या जागी उभारल्या जाव्यात आणि तोडीच्या वेळी मुले सांभाळण्याची व्यवस्था व्हावी, ह्यासाठी कारखाना व ग्रामपंचायत ह्यांच्याकडे पाठपुरावा करावा. दिवसा वीजपुरवठा देणाऱ्या सौर योजनांची माहिती शेतकऱ्यांना करून द्यावी. ग्रामसभेत बिबट्याचा विषय निघेल तेव्हा पाड्यावरील आणि कोपीवरील स्त्रियांना आधी बोलू द्यावे. कोठे अंधार आहे आणि जनावराची वाट कोणती, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते.

बिबट्या हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पूर्ण संरक्षण लाभलेला प्राणी आहे. पण केवळ कायद्याच्या धाकाने तो फार काळ टिकणार नाही. ज्या घरातील मूल सुरक्षित नाही, त्या घरास वन्य जीवांच्या रक्षणाचे महत्त्व पटविता येत नाही. उलट, ज्या वस्तीत कचरा उचलला जातो, दिवा लागतो आणि नुकसानभरपाई वेळेवर हाती पडते, त्या वस्तीतील माणूस बिबट्याची चाहूल लागताच दार लावून घेतो आणि सकाळी आपल्या कामास लागतो. अशी घरे वाढविणे आपल्या हाती आहे. येत्या ग्रामसभेपूर्वी आपल्या गावातील अंधाऱ्या वाटा, उघडे उकिरडे आणि कठडे नसलेल्या विहिरी ह्यांची यादी करावी, आणि त्या यादीत शेवटच्या घराचे नाव सर्वांत वर लिहावे.